फोटो काढा, पण टिटवीला उठवू नका



या पेजवर पिकाच्या फोटोंबरोबर मी अधूनमधून पाखरांचे, काळविटांचे, कधी घोरपडीचे फोटो टाकतो. त्याखाली तीन प्रश्न ठरलेले असतात. काका, कॅमेरा कुठला? फोटोला काय लावता, एवढा क्लिअर कसा येतो? आणि तिसरा, लोकेशन टाका की. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आज सविस्तर देतो. तिसऱ्याचं उत्तर "नाही" असं आहे. ते का, तेही सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. रानातल्या जनावराचा फोटो काढायला शेतकऱ्याइतका मोक्याचा माणूस दुसरा नाही. पण तो फोटो खरा असेल तरच त्याची किंमत. जनावराला उठवून, पळवून काढलेला फोटो आणि मोबाईलमध्ये रंगवून बनवलेला फोटो, दोन्ही माझ्या लेखी बाद. मग त्याला हजार लाईक येऊ द्या.

आमच्या करमाळा तालुक्याच्या एका अंगाला उजनीचं पाणी. पलीकडं भिगवणला थंडीत रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात. एकेकाची लेन्स म्हणजे स्प्रे पंपाच्या नळीएवढी लांब, किंमत विचारू नका. फोटोही झकास काढतात. पण त्यांच्याकडं एक रविवार असतो. आपल्याकडं वर्षाचे ३६५ दिवस आहेत. खाटीक पक्षी रोज बाभळीच्या कुठल्या फांदीवर येऊन बसतो, मुंगूस कुठल्या बांधातनं निघतं, पिंगळा कुठल्या ढोलीत आहे, हे आपल्याला न शोधता ठाऊक असतं. ही माहिती कुठल्या दुकानात मिळत नाही. लेन्स मिळते.

दुसरं कारण जरा वेगळं आहे. आमच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे. जुनी माणसं सांगतात, आमच्याकडच्या माळावरही माळढोक दिसायचा. आज कुठं दिसला तर बातमी होते. पण गावात एकाच्याही घरी त्याचा फोटो नाही. म्हणून मी पोरांना म्हणतो, चिमणीचा, लावरीचा, ससाण्याचा साधा फोटो का असेना, काढा आणि तारीख लिहून ठेवा. आज रोजचं वाटतं ते वीस वर्षांनी रोजचं असेलच असं नाही.

आता कॅमेरा. बहुतेक फोटो माझ्या मोबाईलचे असतात, थोडे एका जुन्या, सेकंड हॅन्ड कॅमेऱ्याचे. मोबाईलवाल्यांनी पहिलं काम करायचं ते लेन्स पुसायचं. हसू नका. आपला मोबाईल मातीच्या हातात, घामाच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी असतो. निम्मे धुरकट फोटो त्यामुळंच येतात. जुन्या बनियनचा धुतलेला मऊ तुकडा खिशात ठेवा. फवारणी करून आला असाल तर आधी साबणानं हात धुवा, मग मोबाईलला हात लावा.

दुसरं, दोन बोटांनी ताणून झूम करायचा नाही. तो झूम नव्हे, फोटो नुसता ताणला जातो, रबरासारखा. मोबाईलमध्ये २ किंवा ३ आकड्याचं बटण असेल आणि त्याला खरी वेगळी लेन्स असेल तर तेवढंच वापरा. त्यापुढं जायचं असेल तर फोटो आहे तसा काढा आणि नंतर कापून घ्या. सावलीतला, हातभर अंतरावरचा चतुर मोबाईलनं कॅमेऱ्याच्या तोडीचा येतो. शंभर फुटांवरची घार येत नाही, हे मान्य करून टाकायचं. घारीचा हट्ट सोडला की चतुर, फुलपाखरं, कोळी, ढालकिडे, सरडे एवढं बाकी राहतं की मेमरी पुरत नाही.

जवळ जायचं कसं, यात आपला हातखंडा आहे. जनावरं माणसाच्या चालण्याला भितात, औताला आणि ट्रॅक्टरला फारशी भीत नाहीत. नांगरट सुरू झाली की बघा, मागं गायबगळ्यांची रांग, कोतवाल, साळुंक्या, धोबी, सगळे हुमणी आणि किडे वेचायला हजर. तास संपला की ट्रॅक्टर उभा करा, बंद करा, सीटवरच बसून राहा. पाच मिनिटांत बगळा टायरपाशी येतो. शहरातला माणूस यासाठी हिरव्या कापडाचा तंबू घेऊन येतो, आपला तंबू डिझेलवर चालतो एवढाच फरक. पण एक सांगतो, आणि हे गमतीत घेऊ नका. ट्रॅक्टर चालू, मागं रोटाव्हेटर फिरतोय आणि एका हातात मोबाईल, असं करायचं नाही. फोटोपायी पाय गेला तर तो पुन्हा येत नाही.

काळविटाकडं पायी जायचं असेल तर सरळ त्याच्या रोखानं जाऊ नये. रानात कामाला निघाल्यासारखं तिरपं चालावं, मध्येच खाली बसावं, खुरपं हातात असलं तर उत्तम. कळपातल्या एकानं मान वर केली की थांबा. परत चरायला लागलं तर ठीक. उड्या मारायला लागलं, चालू पडलं, म्हणजे तुम्ही त्याची हद्द ओलांडली. तिथनं मागं फिरायचं. अलीकडं पोरं मोटारसायकल माळावर घालून काळवीट, लांडगा पळवतात आणि रील बनवतात. दुष्काळात जे जनावर पाण्यासाठी चार मैल चालून आलंय, त्याला दोन मैल आणखी पळवायचं, यात काय मर्दुमकी? असल्या रीलला मी लाईक करत नाही, तुम्हीही करू नका.

उजेडाचं गणित सोपं आहे. सूर्य उगवल्यापासून साधारण नऊपर्यंत, आणि संध्याकाळी साडेचारनंतर. सूर्य आपल्या पाठीवर ठेवा. दुपारी बारा वाजता देव जरी पुढं उभा राहिला तरी त्याच्या डोळ्याखाली सावली पडणार. त्या वेळी भाकरी खावी.

आणि खाली बसा. आपण उभ्यानं, वरनं फोटो काढतो, त्यामुळं पाखरू मातीला चिकटल्यासारखं दिसतं. पोतं घडी करून बांधावर टाकायचं, त्यावर बसायचं, कोपरं गुडघ्यावर टेकवायची. मोबाईल पाखराच्या डोळ्याच्या उंचीला आला की मागची ढेकळं आपोआप पुसट होतात. पाखराच्या डोळ्यावर बोट टेकवून फोकस घ्या. डोळा स्पष्ट आला तर शेपूट अस्पष्ट असलेलं चालतं, उलटं चालत नाही. ज्या बाजूला ते बघतंय त्या बाजूला थोडी मोकळी जागा सोडा. बटण दाबून धरलं की बऱ्याच मोबाईलमध्ये एकापाठोपाठ फोटो निघतात. त्यातला एक ठेवायचा, बाकीचे त्याच रात्री पुसून टाकायचे.

पांढऱ्या आणि काळ्या पाखरांनी सगळे फसतात. बगळ्याचा फोटो काढला की बगळा म्हणजे नुसता चुन्याचा डाग, पिसं दिसतच नाहीत. कारण मोबाईल आजूबाजूची काळी माती बघून उजेड वाढवतो. बगळ्यावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येईल, ते खाली ओढा, पिसं दिसायला लागेपर्यंत. फोटो एकूण थोडा काळोखा वाटला तरी चालेल, तो नंतर उजळता येतो. पण पांढरं जळलं की ते परत येत नाही. कोतवालाचं उलटं. तो काळा कुळकुळीत, मागं आभाळ, म्हणून त्याची नुसती सावली येते. तिथं चिन्ह वर ओढायचं. उजेड बरोबर मिळाला तर कोतवालाचा तांबूस डोळा दिसतो. आयुष्यभर कोतवाल बघितलेल्या माणसालाही तो डोळा माहीत नसतो.

ज्यांच्याकडं कॅमेरा आहे त्यांना थोडक्यात सांगतो. उडत्या पाखराला शटर १/१००० च्या खाली नेऊ नका, बसलेल्याला १/५०० ठेवा, आयएसओ ऑटोवर सोडा. फोटो दाणेदार आला तर चालतो, हललेला चालत नाही. नवीन कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू नका. नवी मोटार नको तिथं जुनी भरून घेतो, तसंच इथंही.

आता टिटवी. यावर मला जास्त बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतंय.

टिटवी उघड्या रानात, ढेकळांत, खड्यांत अंडी घालते. घरटं म्हणजे चार खडे इकडंतिकडं केलेले. अंडी बहुतेक चार, मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची. तिनं उंचवट्यावर घातली की पाऊस चांगला, असं आपल्याकडं म्हणतात. ते खरं-खोटं बाजूला ठेवू. ऐन मार्च ते पावसाळा या दिवसांत ती अंड्यावर असते. लोकांना वाटतं, ती अंडी उबवते. मे महिन्याच्या दुपारी उबवायची गरजच नसते, ती तिथं सावली धरून बसलेली असते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. आता फोटोवाला गेला की ती उठते, डोक्यावर घिरट्या घालून ओरडते. आपल्याला वाटतं, काय झकास ॲक्शन मिळाली! तिकडं तापलेल्या मातीत अंडी उघडी. अर्धा तास तुम्ही तिथं घुटमळलात तर आतलं पिल्लू शिजतं. आणि तुमच्या मागावर कावळा असतोच. माणूस कुठं वाकून बघतोय, हे तो बरोबर लक्षात ठेवतो.

काही जण तर फोटोत चारही अंडी नीट दिसावीत म्हणून जवळ करून मांडतात, आजूबाजूचं गवत उपटतात. सुगरणीच्या, बुलबुलाच्या घरट्यापुढची फांदी मोडतात. ती फांदी आडोसा म्हणूनच होती ना? हे नुसतं वाईट आहे असं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कटणं, त्याला धक्का लावणंसुद्धा येतं. म्हणजे बंदूक न घेता माणूस शिकारी ठरू शकतो. साप पकडून, गळ्यात घालून फोटो काढणारेही यातच धरा. घोणस असेल तर कायदा लागायच्या आधी दवाखाना लागतो.

घरट्याच्या बाबतीत माझा नियम एकच. घरट्याचा फोटो काढायचाच नाही. पाळीत किंवा नांगरटीत टिटवीची अंडी दिसली तर चार काठ्या रोवून तेवढा तुकडा सोडून द्यायचा. चार हाताची जागा. पिल्लं निघाली की त्याच दिवशी चालू लागतात, मग काठ्या उपटून टाका. बाहेर पडलेल्या पिल्लांचा फोटो लांबनं खुशाल काढा.

रात्रीचंही तसंच. गव्हाणी घुबड, पिंगळा यांच्या डोळ्यावर फ्लॅश मारू नये, बॅटरीचा झोत धरून ठेवू नये. ते घुबड आपल्या रानात उंदीर धरतंय, फुकट नोकरी करतंय. त्याला आंधळं करून आपला काय फायदा? आणि बिबट्याचा फोटो काढायला उसाच्या कडेला जाणाऱ्याला तर मी हात जोडतो. डिसेंबर २०२० मध्ये आमच्या तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. ते दिवस आम्ही काढलेत. रात्रीच्या लाईटला पाणी धरायला माणूस जात नव्हता. बिबट्या दिसला तर मागं सरकायचं, माणसं गोळा करायची, वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करायचा. फोटो ज्याचा त्याच्या नशिबानं, गाडीच्या काचेआडनं मिळाला तर मिळाला.

आता ते लोकेशन. मांडूळ सापाची तस्करी आपल्याकडं किती चालते हे पेपर वाचणाऱ्याला सांगायला नको. पैशाचा पाऊस पडतो म्हणे. पाऊस तर कुठं पडलेला दिसत नाही, मांडूळ मात्र जातो. तुम्ही हौसेनं "आमच्या वस्तीवर दिसला" म्हणून मांडूळ टाकला की तिसऱ्या दिवशी अनोळखी मोटारसायकली फिरायला लागतात. खवले मांजराचं तेच. लांडग्याच्या बिळाचं वेगळं. तिथं तस्कर येत नाही, पण ज्याची मेंढी गेलीय तो बिळात धूर करायला येतो. त्याचा राग मला कळतो, त्याचं नुकसान खरं आहे. तरी पत्ता माझ्याकडनं जाणार नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग असतो तो एरवी बंद ठेवा. मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर फोटोबरोबर जागेचे आकडेही जातात, हे लक्षात असू द्या. आणि नुसतं तेवढं बंद करून भागत नाही. मागं तुमची विहीर, मोबाईलचा टॉवर, देवळाचा कळस आला की गावचा माणूस जागा बरोबर ओळखतो. मी तालुकाच लिहितो, तेही पाच-सहा दिवस उलटून गेल्यावर.

आता दुसऱ्या प्रश्नाकडं येतो, फोटोला काय लावता? मी स्नॅपसीड वापरतो. गुगलचं फुकट ॲप आहे. मोबाईलच्या गॅलरीतली साधनंही पुरतात. काम पाच मिनिटांचं. पहिल्यांदा फोटो सरळ करायचा. बांध, पाण्याची कड तिरकी असेल तर ती आडवी करून घ्यायची. पाणी कधी उतारावर उभं राहत नाही, पण लोकांच्या फोटोत राहतं. मग कापायचं. पाखरू बरोबर मधोमध ठेवायचं नाही, जरा बाजूला. फार कापू नका, फोटो फुटतो. मग ट्यून इमेज उघडायचं. बोट वर-खाली केलं की ब्राइटनेस, शॅडो, हायलाइट अशी नावं येतात, डावीकडं-उजवीकडं केलं की कमी-जास्त होतं. ॲपच्या आवृत्तीप्रमाणं जागा थोडी बदलते, पण नावं तीच. सावलीतला भाग दिसत नसेल तर शॅडो थोडी वाढवा, पांढरं फार चमकत असेल तर हायलाइट थोडा कमी करा. बस.

सॅच्युरेशन म्हणजे रंगाची खुंटी. तिला हात लावायचा मोह सगळ्यांना होतो. नीलपंखाचा निळा मूळचाच इतका सुंदर असतो, त्यावर आपण निळीची डबी का ओतायची? माझी खूण सांगतो. फोटो झाला की मोबाईल पालथा ठेवून चहा पिऊन यायचं. परत बघितल्यावर पहिल्यांदा रंगच डोळ्यात भरला तर जास्त झालं, निम्म्यावर आणा. डिटेल्समधलं शार्पनिंगही चिमूटभर. जास्त केलं की पिसांची तार होते. शेवटी एक्स्पोर्ट करून वेगळी प्रत घ्या. मूळ फोटो कधीही पुसू नका.

आता ते जादूचं रबर. नको ते पुसून टाकणारं साधन हल्ली सगळ्या मोबाईलमध्ये येतंय. कुंपणाची तार पुसतात, विजेची तार पुसतात, मागचा प्लॅस्टिकचा कागद पुसतात. लेन्सवरच्या धुळीचा डाग पुसायला माझी ना नाही. पण वेडा राघू विजेच्या तारेवर बसला होता तर तारेवरच दिसू द्या. काळवीट कुंपणाच्या पलीकडं अडकून उभं होतं आणि तुम्ही कुंपण पुसलं, तर तुम्ही नुसती तार पुसली नाही, त्याची अडचणही पुसली. मला काही जण म्हणतात, काका, फोटो म्हणजे कला, थोडं इकडंतिकडं चालतं. लग्नाच्या अल्बमात चालू द्या. शेताच्या नोंदीत चालत नाही.

का चालत नाही, ते बघा. गेल्या थंडीत आमच्याकडच्या एका गावात ग्रुपवर फोटो आला, उसाच्या सरीत बिबट्या. फडाच्या कडेला पाईप, मागं मोटारीची खोली, सगळं आपल्याकडचंच वाटावं असं. ऊसतोड टोळीनं कोयते खाली ठेवले. पोराबाळांसकट पाचटाच्या कोपीत राहणारी माणसं ती, त्यांचं काय चुकलं? वनविभागाची माणसं आली, सगळा फड हिंडली, एक ठसा मिळाला नाही. शेवटी कळलं, कुण्या पोरानं स्वतःच्या उसाचा फोटो घेऊन त्यात एआयनं बिबट्या बसवला होता. गंमत म्हणून. दोन दिवस तोड बंद, टोळीची मजुरी गेली, तोडलेला ऊस वाळला. पण खरं नुकसान पुढं झालं. महिन्याभरानं त्याच शिवारात एकाची शेळी गेली. त्यानं ठशाचा फोटो ग्रुपवर टाकला, तर खाली हसण्याच्या खुणा. "कुठल्या ॲपवर बनवलास?" माणूस रडकुंडीला आला होता. त्या रात्री शेजारच्या वस्तीवर लोक अंगणातच झोपले, कारण कुणाला खरं वाटलंच नाही. पुढं काही वाईट झालं नाही, हे नशीब.

म्हणून खोटा बिबट्या बनवणाऱ्याला माझ्याकडं माफी नाही, आणि न बघता पुढं ढकलणाऱ्यालाही नाही. फोटो आला की आधी विचारायचं, कुणी काढला, कधी काढला, मूळ फाईल दे. पाठवणाऱ्याकडं "मला पण आलाय" याशिवाय उत्तर नसेल तर तो फोटो तिथंच थांबवा.

खरा पुरावा कसा काढायचा, तेही याच कामाचा भाग आहे. ठसा दिसला तर त्यावर भांडं पालथं घालून ठेवा, कुत्री आणि माणसं तुडवत नाहीत. फोटो बरोबर वरनं, सरळ काढायचा, शेजारी काडेपेटी किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. सकाळच्या तिरप्या उन्हात ठशाची कड उठून दिसते. ऊन वर आलं असेल तर एका बाजूनं आडवा उजेड पाडा. एक जवळचा, एक पूर्ण माग दिसेल असा, एक लांबनं, ज्यात पीक आणि बांध दिसेल. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्या-लांडग्याच्या ठशात बहुतेक उमटतात. निम्मी भीती तिथंच उतरते.

रानडुकरांनी मका, भुईमूग उकरला, रोह्यांनी हरभरा तुडवला तर भरपाईसाठी पंचनामा होतो, त्याला वनविभाग, महसूल आणि कृषी विभागाची माणसं येतात. अर्जाची मुदत थोडी असते, तेव्हा सकाळी दिसलं की सकाळीच फोटो काढा. इथं मात्र लोकेशन आणि वेळ चालू ठेवा. या फोटोला एडिटिंगचं बोटसुद्धा लावायचं नाही. कापायचं नाही, उजळायचं नाही. मूळ फाईल तशीच मोबाईलमध्ये, आणि एक प्रत पेन ड्राईव्हवर. साहेब लोकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि वेळ, जागा निघून जाते.

हेच कीड-रोगाच्या फोटोला. कृषी सहायक, विद्यापीठातले शास्त्रज्ञ यांच्यापैकी बरेच जण हे पेज वाचतात, त्यांना माझी विनंती आहे. शेतकरी पानाचा फोटो पाठवून औषध विचारतो तेव्हा आधी विचारा, मोबाईलचा एआय किंवा फिल्टर चालू होता का? बरेच मोबाईल पान दिसलं की आपणहून हिरवा रंग वाढवतात. लोहाच्या कमतरतेनं पिवळं पडलेलं पान फोटोत हिरवंगार. त्या फोटोवर सल्ला दिला तर तो चुकणारच, आणि फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या बोडक्यावर. पानाशेजारी पांढरा कागद ठेवून, सावलीत, साध्या मोडवर फोटो मागा. कागद पांढरा दिसला तर पानाचा रंग बऱ्यापैकी खरा धरायला हरकत नाही.

हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षी थांबे लावा असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. बरेच शेतकरी हसतात, काठी लावून अळी मरते का म्हणून. मी माझ्या रानात टी आकाराच्या काठ्या लावल्या आणि एका काठीसमोर बांधावर पोतं टाकून बसलो. कोतवाल येतो, बसतो, खाली झेपावतो, चोचीत अळी. ते फोटो मी एका शेजाऱ्याला दाखवले. रंग-बिंग काही वाढवलेला नव्हता, जरा काळोखेच होते. त्यानं मोबाईल डोळ्याजवळ नेऊन अळी बघितली आणि दुसऱ्या दिवशी काठ्या तोडायला बाभळीवर चढला.

पाखराचं नाव कळत नसेल तर मर्लिन नावाचं फुकट ॲप फोटोवरनं नाव सुचवतं. मराठी नावासाठी मारुती चितमपल्ली यांचा पक्षीकोश तालुक्याच्या वाचनालयात मिळतोय का बघा. आपल्या सोलापूरचाच माणूस, वनखात्यात आयुष्य गेलं.

येत्या आठवड्यात हरभरा घाट्यावर येईल. थांब्यावर बसलेल्या पाखरांचे फोटो मला पाठवा, मोबाईलचेच. वाण, पेरणीची तारीख, फोटोची वेळ आणि चोचीत काय होतं, एवढं खाली लिहा. गावाचं नाव नको, तालुका पुरे. घरट्याचे फोटो आले तर टाकणार नाही.